लंबूतला बेस

ताईला नात झाली त्या वर्षी, बाळ तीन आठवड्यांचं असताना, तिने कानांवरचे हेडफोन काढले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटले. आतल्या खोलीत बाळ दचकून रडू लागलं. लेक दारापर्यंत आली, तिने आईचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता ती परत आत गेली. एकसष्ट वर्षांच्या आपल्या आईशी अशा वेळी बोलायचं नसतं, हे ती लहानपणीच शिकली होती.

ताईने लंबू तीन वेळा ऐकला होता. आधी घरातल्या मोठ्या स्पीकरवर, मग गाडीत बसून आणि आता हेडफोनवर. लंबू म्हणजे बँडच्या नव्या अल्बममधला चौथा तुकडा, एकोणीस मिनिटांचा. त्याला खरं नावही होतं, पण ते फक्त कव्हरवर छापण्यापुरतं. त्याच्या मधोमध अकरा मात्रांच्या तालातला एक भाग होता. तिथे गिटार आणि ड्रम एकमेकांच्या मागे लागल्यासारखे धावत सुटतात आणि खालून बेस, म्हणजे खर्जातल्या गिटारचा आवाज, त्यांच्या निम्म्या चालीने, एकेक पायरी चढत वर येतो. तो बेस ताईने बसवला होता. चार महिने बसवला होता. उजव्या हाताच्या बोटांना सत्तावीस वर्षांचे घट्टे होते, त्या घट्ट्यांनाही फोड आले होते. आणि आता तो बेस ऐकूच येत नव्हता. घरात नाही, हेडफोनवर नाही. गाडीत काहीतरी घुमल्यासारखं वाटलं म्हणून तिने श्वास रोखला, तर ते शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोचं इंजिन निघालं.

वरचं मात्र सगळं लखलखत होतं. गिटार कानात सुई घालावी तशी. सिंबल, ड्रमच्या त्या पितळी थाळ्या, तर असे, की कुणीतरी काचेच्या पेल्यांनी भरलेला ट्रे जिन्यावरून सोडून दिलाय.

गिटार तिच्या धाकट्या भावाची. बोटं भिंगरीसारखी फिरतात म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याला भिंगरी म्हटलं आणि पुढे तेच नाव पोस्टरवर लागलं. बँडचे पाच अल्बम झाले होते, हा सहावा. मेटलचं वजन, रॉकची लांबण आणि त्यात मधेच एखादा तुकडा असा, की ऐकणाऱ्याने मात्रा मोजायला बोटं काढावीत. कुठकुठल्या देशांतली पोरं भिंगरीचे व्हिडिओ चाल कमी करून बघत आणि त्याच्या बोटांची नक्कल करत. मासिकं त्याच्यावर चार परिच्छेद लिहीत, ड्रमरवर एक, आणि शेवटी एक ओळ असे: ‘बेसवर त्यांची थोरली बहीण आहे.’ मुलाखतीत भिंगरी न चुकता म्हणे, ताई म्हणजे आमचा पाया. ताई त्यावर हसायची. पाया म्हणजे काय, तर जमिनीत पुरलेला.

पण आजवर निदान ज्याला ऐकायचा त्याला तो ऐकू तरी यायचा. या वेळी भिंगरीने पंधरा वर्षं सोबत असलेल्या रेकॉर्डिस्टशी भांडण काढून त्याला घालवला होता. मग दोन महिने दार लावून त्याने सगळं मिक्स, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज कमीजास्त करून जुळवणं, एकट्याने केलं. कुणाला आत येऊ दिलं नाही. तयार झाल्यावर एक प्रत ताईला पाठवली आणि खाली लिहिलं, उद्या दुपारी रेकॉर्ड कंपनीकडे जाणार.

तिने ड्रमरला फोन लावला. हा माणूस अंगाने आडवातिडवा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पण भिंगरीसमोर त्याचा आवाज फुटत नसे. त्यानेही ऐकलं होतं. सिंबल ऐकून आपली बायको उठून दुसऱ्या खोलीत गेली, एवढं त्याने कबूल केलं. मग तू त्याला बोललास का, असं ताईने विचारलं, तर तो म्हणाला की बोलून काय होणार, भिंगरीच्या डोक्यात काहीतरी असेल, मोठ्या कलावंतांचं असतं तसं.

“पैलवान,” ताई म्हणाली, “तू नुसता नावाचाच आहेस.” आणि तिने फोन ठेवला.

भावाचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. ती चालतच गेली. रस्त्याने तिने बोलायची वाक्यं लावून ठेवली, एकापुढे एक, मात्रा बसवाव्यात तशी. एक ओळखीची बाई समोरून आली, नात कशी आहे म्हणून थांबली, तर ताई “बरी आहे” म्हणून पुढे निघून गेली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिने तीस वर्षं नोकरी केली होती आणि लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. स्वतःची तक्रार घेऊन ती कुणाच्या दारात पहिल्यांदाच चालली होती.

भिंगरीची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. पूर्वी तिथे गाडी ठेवत. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या, समोर दोन स्पीकर, मधे संगणकाचा पडदा, आणि त्याच्यासमोर बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली न्हाव्याची खुर्ची. त्या खुर्चीत भिंगरीशिवाय कुणी बसत नसे. तो तिच्यात मागे रेलून बसला होता.

“बेस कुठंय?” ताईने विचारलं.

“ये ना. बस. चहा सांगतो.”

“बेस कुठंय ते सांग आधी.”

“आहे की. जिथं असायला हवा तिथं आहे.”

“म्हणजे जमिनीखाली.”

तो हसला. मग खुर्ची अर्धी वळवून, आजारी माणसाशी बोलावं तसं मऊपणाने म्हणाला, “ताई, राग मानू नकोस. पण आता वयं झाली आपली. कान काही पहिल्यासारखे राहत नाहीत. तुला खालचं ऐकू येत नसेल.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रस्त्यात लावलेली वाक्यं एकदम सगळी बाहेर पडली, क्रम सोडून. त्याला पहिली तार दाबायला कुणी शिकवलं, इथून तिने सुरुवात केली. पहिल्याच कार्यक्रमात त्याची तार तुटली होती, तो मागे जाऊन नवी बसवेपर्यंत सहा मिनिटं मंचावर एकटं वाजवत कोण उभं होतं? तेव्हा लोकांना बेस ऐकू येत होता ना? गरोदर लेकीला घरी ठेवून आपण रेकॉर्डिंगला आलो ते काय तुझ्या गिटारखाली सतरंजी अंथरायला? चोर तो चोर आणि वर माझेच कान काढतोस, असं ती म्हणाली, आणि मग तिला दम लागला.

“ऐकवतो,” भिंगरी शांतपणे म्हणाला. “तूच ठरव.”

त्याने लंबू लावला, थेट अकरा मात्रांपासून. इथे, त्या मोठ्या स्पीकरांवर, तो घरच्यापेक्षाही भयंकर होता. ताईने नकळत दोन्ही हात कानांवर ठेवले. भिंगरी मान डोलावत होता. डोळे मिटून, अगदी बरोबर मात्रेवर.

तुकडा थांबला. गाद्यांच्या त्या खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत वर छताला काहीतरी टीं करून वाजलं.

ताईने मान वर केली. धुराचा अलार्म होता, पांढरी गोल डबी, बरोबर भिंगरीच्या डोक्यावर. बॅटरी संपत आली की तो असा थोड्या थोड्या वेळाने ओरडतो. ती डबीकडे बघत उभी राहिली. मिनिटभराने तो पुन्हा वाजला, बारीक आणि तीक्ष्ण, दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा. तिचा खांदा आपोआप उडाला. भिंगरी पडद्याकडे बघत होता. त्याची पापणीही हलली नाही.

“काय म्हणतेस मग?” तो म्हणाला. “आहे ना बेस?”

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली आणि ती उंबऱ्यात असतानाच तो तिसऱ्यांदा वाजला. कप बशीत किणकिणले.

“आठवडा झाला बघा ताई, हे असं चाललंय,” ती म्हणाली. “यांना म्हटलं बॅटरी बदला. तर म्हणतात, मला नाही त्रास होत.”

भिंगरीने आधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताईच्या. आणि सगळ्यात शेवटी, त्या दोघी बघत होत्या तिकडे, वर छताकडे.

भावजय चहा ठेवून गेली. ताईची बरीच वाक्यं अजून शिल्लक होती. ती तिच्या तोंडाशी येऊन थांबली. दोन महिने हा माणूस इथे बसून, जे बारीक आवाज त्याला ऐकू येत नव्हते ते थोडे थोडे वर चढवत राहिला होता. थोडं अजून, थोडं अजून. त्याला ते आता कुठे नीट ऐकू येत होते, आणि खालचं सगळं त्यांच्याखाली गाडलं गेलं होतं. रेकॉर्डिस्टशी कशावरून बिनसलं असेल, तेही तिला कळलं.

राग गेला नाही. उलट वाढला. हे याने तिला सांगितलं नाही, पंधरा वर्षं सोबत असलेल्या माणसाला दारातून घालवलं, आणि वर तिच्याच कानांना नावं ठेवली. आणि आता तर त्याच्यावर ओरडायचीही सोय राहिली नव्हती.

“ऊठ,” ती म्हणाली.

“काय?”

“खुर्चीतून ऊठ. हा अल्बम मी मिक्स करणार. सत्तावीस वर्षं गप्प बसले, आता माझा बेस मी वर काढणार. लोकांना काय सांगायचं ते सांग. म्हण, म्हातारपणी बहिणीला चळ लागला.”

भिंगरीला भांडता आलं असतं. एका सुरासाठी तो कंपनीच्या साहेबांशी तास तास भांडलेला माणूस. तो उठला. उठून त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती ताईकडे वळवून दिली.

“सिंबलचंही बघशील ना?” गादीच्या शिवणीकडे बघत त्याने विचारलं.

“बघते.”

तिने कंपनीला फोन करून चार दिवस मागून घेतले. मग स्टुलावर चढून अलार्म काढला आणि कामाला लागली. कामाची तिला माहिती होती. रेकॉर्डिस्टच्या मागे बसून पाच अल्बम तिने पाहिले होते. भिंगरी तिच्या मागे लाकडी स्टुलावर बसायचा. इथे ड्रम केसभर आधी येतोय, तिथे माझी गिटार ओढली गेलीय, असं तो सांगायचा, आणि त्यात एकदाही चुकला नाही. सिंबल आणि गिटारची धार तिने उतरवत नेली, तेव्हा मात्र तो हातातल्या, गिटार छेडायच्या पिकची कड नखाने घासत राहायचा. कानांचा विषय दोघांनीही काढला नाही. बेसला तिने हातसुद्धा लावला नाही. वरचं उतरलं तसा तो आपला आपणच दिसू लागला, पाणी ओसरल्यावर पायऱ्या दिसाव्यात तसा.

अल्बम आला आणि बोंब उठली. सगळ्यात जाणत्या म्हणवणाऱ्या मासिकाने लिहिलं, की बहिणीने भावाचे हात बांधले. भिंगरीची गिटार इतकी बोथट कधीच नव्हती. चाहत्यांनी त्याच्या पुढे जाऊन लिहिलं. मत्सर, असं लिहिलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी बाई, असं लिहिलं. ताई रोज सकाळी चष्मा लावून ते सगळं वाचायची. एका बोटाने उत्तर टाइप करायची, चांगलं लांबलचक आणि झणझणीत, आणि मग एकेक अक्षर पुसून टाकायची. लेक म्हणाली, आई, वाचतेस कशाला? ताई म्हणाली, माझ्याबद्दल पहिल्यांदाच एका ओळीपेक्षा जास्त लिहिलंय.

एका मुलाखतीत, लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये, विचारणाऱ्या तरुणाने तिला तोंडावर विचारलं, की इतक्या वर्षांनी तुम्हाला भावाला मागे ढकलावंसं का वाटलं. हॉलमध्ये थोडे लोक हसले. शेजारी बसलेल्या भिंगरीने मांडीवरची गिटार सुरात लावायला घेतली, ती आधीच सुरात असताना. ताईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्या पोराला उभं आडवं सोलून काढायला तिला एक वाक्य पुरलं असतं.

“माझा बेस मला ऐकायचा होता,” ती म्हणाली. “आणखी काही?”

बाहेर पडताना पैलवान तिच्या बरोबरीने चालू लागला आणि खाली मान घालून म्हणाला, की खरं सांगायचं तर या वेळी सिंबल छान आलेत, पण भिंगरीला हे सांगू नका.

सातवा अल्बमही ताईनेच मिक्स केला आणि त्याबद्दलही बोलणी खाल्ली. आठवा आलाच नाही. वाजवून तो पुरा झाला होता, मिक्स तेवढं ताईकडून व्हायचं राहिलं होतं. ताई वारली ती त्याच वर्षी, ऑगस्टच्या चौदा तारखेला, सकाळी साडेसहा वाजता, दवाखान्यात.