धूर कुठे उतरतो

मित्रांनो, समुद्रकिनाऱ्यावरच्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला जो जुना वातकुक्कुट फिरताना दिसतो, तो मी. नावात कुक्कुट असलं तरी मला ना तुरा, ना चोच. एक बाण आणि एक शेपूट. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करायचं, एवढंच मला येतं.

माझ्यासमोर वीजकेंद्राची चिमणी आहे. घराघरांत दिवे लागावेत म्हणून ती रोज धूर सोडते. तो वर चढतो, पसरतो, विरळ होतो आणि दिसेनासा होतो; पण संपत नाही. तो कुठे उतरतो हे शोधण्याचं काम एका ताईचं होतं. खालच्या खोलीत बसून ती माझी दिशा संगणकाला देई आणि पडद्यावर न दिसणाऱ्या हवेचा नकाशा उमटे. हवेचंही चित्र काढता येतं, याचं मला फार नवल वाटे.

एके वर्षी नव्या शाळेची जागा ठरायची होती. दक्षिणेकडचं, जरा आतलं मोठं मैदान सगळ्यांना आवडलं होतं. ताईची थोरली बहीण शाळेची मुख्याध्यापिका. "तू हो म्हण, की आम्ही पाया खणायला घेतो," असं ती सांगून गेली होती. नकाशाही हो म्हणत होता. दिवसाचा धूर उत्तरेला, समुद्रावर जाताना दिसत होता.

एका दुपारी ताईने खिडकीतून वर पाहिलं. माझं तोंड समुद्राकडे होतं, म्हणजे वारा समुद्रावरून येत होता. नकाशाच्या अगदी उलट.

मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या बापूंना ती म्हणाली, "बापू, तुमचा कोंबडा बिघडलाय. काढा खाली."

"काढतो की. सारखं तेल मागतो मेला," म्हणत बापू पाना घेऊन वर चढले.

बापूंनी पाना लावला, तोच त्यांची टोपी उडाली आणि गरगरत मैदानाच्या दिशेने निघाली.

"मॅडम, टोपी शाळेला गेली माझी," बापू वरून ओरडले.

ताई हसली नाही. टोपी गेली तिकडे पाहत राहिली आणि एकदम खोलीत पळाली.

चूक अशी होती. उत्तर दिशा म्हणजे शून्य अंश. समुद्रावरचा वारा किंचित डुलत येतो, म्हणून मी कधी दहा अंश सांगे, कधी तीनशे पन्नास. दोन्ही उत्तरेच्या शेजारचेच. पण संगणक त्यांची साधी सरासरी काढत होता. बेरीज तीनशे साठ, तिचं निम्मं एकशे ऐंशी. म्हणजे थेट दक्षिण.

ताईने हिशोब दुरुस्त केला. नवा नकाशा मी खिडकीतून पाहिला आणि फिरायचंच विसरलो. धूर किनाऱ्यावरून उंच, शांत नदीसारखा जात होता. पुढे तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी वरखाली होत होती; ती त्याला ओढून खाली आणत होती. नेमका त्या मैदानावर.

"अक्का, मैदान नको," ताई फोनवर म्हणाली. "हिशोब माझा चुकला होता."

"आता सांगतेस होय?" अक्का रागावली. मग म्हणाली, "बरं झालं, आता तरी सांगितलंस."

शाळा पूर्वेच्या टेकडीपलीकडे झाली. बापूंची टोपी काही सापडली नाही. मला मात्र त्याच दिवशी तेल मिळालं.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या. पडद्यावरचं चित्र कितीही सुंदर असलं, तरी एकदा खिडकीबाहेर मान वर करून बघा. तुम्ही आत्ता घेतलेला श्वास कदाचित माझ्या शेपटीला हात लावून आला असेल. तो कुठून आला ते विचारा. मी तिकडेच तोंड करून उभा आहे.