भेटीच्या वेळेतली झोप

आमच्या ह्यांच्या फुप्फुसांनी केव्हाच हात टेकलेत. आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून घरी ते बसूनच झोपतात, माझ्या पाठीला पाठ लावून. उशा निसटतात, मी निसटत नाही. पण दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात बायकांनी राहायचं नाही. संध्याकाळी भेटीची वेळ, तेवढीच काय ती आमची.

दाखल केल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. जरा डुलकी लागली की कुणी बीपी बघायला हजर, कुणी ताप, कुणी वाफ द्यायला. झोपेची गोळी मागितली तर डॉक्टर म्हणाले, "नको, श्वास आणखी मंदावेल." घास चावतानाही धाप लागायची. झोप मिळाली नाही तर हा माणूस घरी येत नाही, एवढं मला कळत होतं.

एके दिवशी मी सरळ पलंगावर चढून त्यांच्या पाठीशी बसले. सिस्टर तरातरा आली.

"काकू, पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही!"

"मग तुम्ही बसा. पण ते हलले तरी तुम्ही हलायचं नाही, सांगून ठेवते."

तिला हसू आलं नाही. पण तोवर ह्यांची मान कलली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा चढता आकडा ती बघत राहिली आणि तिने पडदा ओढला. दुसऱ्या दिवसापासून बीपी, ताप, वाफ सगळं ती मी यायच्या आत उरकू लागली.

ह्यांच्या अंगात जरा जीव आला. डॉक्टर खूश. आणि मी? दिवसभर काय काय साठवून न्यायची! शेजारणीचं भांडण, गळका नळ, नात पहिल्यांदा "आजोबा" म्हणाली ते. पाठीला पाठ टेकली की सगळं तोंडातच राहायचं. समोर नुसती भिंत. ह्यांचा चेहराही दिसायचा नाही, फक्त श्वास पाठीला कळायचा. फार वाटायचं, उठवावं. मला नावं ठेवायला का होईना, पण बोला की हो!

काल मी गेले तेव्हा ते पेंगतच होते, तशीच पाठीला पाठ लावून बसले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी अलगद सरकले, त्यांच्या मागे उशा रचल्या आणि समोर आले. त्यांनी डोळे उघडले. मला बघून असे हरखले!

"आलीस? किती वाट बघायला लावलीस गं!"

पडद्याबाहेर वॉचमन ओरडत होता, "चला, चला, वेळ संपली."

"हो, आत्ताच आले," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.