डाव्या आरशावरचा हार

हारातली खालची चार झेंडूची फुलं डाव्या आरशावर टेकली होती. आरशाचा निम्मा भाग झाकला गेला होता.

दसऱ्याला बांधकामावरच्या फोर्कलिफ्टची पूजा झाली, तेव्हा हार सत्यवानानेच तिथे बांधला होता. त्या आरशाचा त्याला तसाही उपयोग नव्हता. शिमग्यापासून त्याच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं. इंजिनीअर रश्मी मॅडमना सांगायचं तो रोज ठरवी, आणि रोज उद्यावर ढकली.

आता तर सांगणं आणखी अवघड झालं होतं. गोव्यात फोर्कलिफ्ट चालवायला शिकून आलेली इन्सुली गावची नम्रता तीन आठवड्यांपूर्वी रुजू झाली होती. अकरा वर्षं त्याची एकट्याची असलेली सीट आता सकाळी तिची असे.

चढाला लागताना ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा माल जमिनीपासून वीतभरच वर ठेवी. यंत्र सपाट जागी उभं केल्याशिवाय ती माल वर उचलत नसे. सत्यवान खाली उभा राहून तिची एखादी चूक शोधायचा. सापडत नसे, आणि तेच त्याला जास्त झोंबायचं.

"सत्यवाना, चेडवान तुका खंयच्या खंय मागे टाकल्यान रे!" गंगाराम गवंडी नम्रताकडे बोट दाखवत ओरडला. सगळे हसले. सत्यवानही हसला, नाइलाजाने.

उतरताना नम्रताने हार सोडून पुढच्या जाळीला बांधला. "काकांनू, आरसो झाकता हो."

"माका शिकव नको गो."

दुपारी त्याची पाळी आली. त्याने पहिलं काम केलं ते हार परत आरशावर बांधायचं. मग ऐटीत गाडी मागे घेतली.

"थांबा! काकांनू, थांबा!"

त्याने करकचून ब्रेक दाबला. डाव्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गंगाराम ओळंबा उचलायला वाकलेला होता. 

रश्मी मॅडम धावत आल्या. "हा हार आरशावर कोणी बांधला?"

नम्रताने एकदा सत्यवानाकडे पाहिलं. "वाऱ्याने सरकला असेल, मॅडम."

 तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. ह्या पोरीने त्याला सुटायची वाट काढून दिली होती.

सत्यवानाने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खाली उतरला.

"हार मीच बांधलंय. पण हाराचो दोष नाय, मॅडम. माका डाव्या डोळ्यान दिसणा नाय, शिमग्यापासून." त्याने चावी नम्रतापुढे धरली. "आजपासून गाडी मी चलवूचंय नाय."