अंगठ्याचा दोरा

'राजाची माळीण' हा बोलपट पहिल्यांदा आला तेव्हा मी मायच्या मांडीवर बसून तो पाहिला होता. माझ्या बाबांनी, नत्थुजींनी, सात वेळा पाहिला. त्यानंतर तेरा वर्षं त्यातली गाणी म्हटल्याशिवाय आमच्या मळ्यातला एक वाफा भिजला नाही. तोच बोलपट कोणीतरी नव्याने काढला, नटी नवी, चाली नव्या, आणि शेचाळीस सालच्या हिवाळ्यात तो अकोल्यात लागला. नेमके त्याच आठवड्यात अमरावतीचे पाहुणे मला बघायला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो शकुनच्या, म्हणजे माझ्या, तोंडाने जोडला, असं आमच्या गल्लीत अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

आम्ही जुन्या शहरातले माळी. मोर्णेच्या काठाला मळा आणि बाजारात माझं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक गोणपाट, दोन टोपल्या आणि मी. शेवंतीची माळ माझ्याइतकी घट्ट बाजारात कोणी बांधत नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. पाहुणेही माळीच, पण मुलाच्या वडिलांची, खुशालरावांची, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग होती आणि अमरावतीत राजापेठेला पक्कं घर. सकाळीच ते माझ्या हातची माळ महादेवाला वाहून आले होते. "अशी माळ अमरावतीत भेटत नाही," म्हणाले. मग संत्र्यांची टोपली ओसरीवर ठेवली आणि नीट टेकायच्या आधीच अट घातली.

"पोरगी आमाले पसंत हाये. पन आमच्या घरची सून बाजारात बसनार नाही, अन् फुलं बी बांधनार नाही. आमी आता इकत घेनारे झालो."

"बराबर हाये," बाबा लगेच म्हणाले.

मला कोणी विचारलंच नाही. मुलगा, गोवर्धन, टोपीची घडी घालत आणि मोडत बसला होता. त्याची आई पार्वताबाई तर तोंडच उघडत नव्हती. लुगडं पावलांवर ओढून, पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. मला वाटलं, बागवाली आहे, आमच्या सारवलेल्या जमिनीला पाय लावायचा नसेल. मनातल्या मनात मी तिला दोन शिव्या दिल्या.

जेवणं झाल्यावर बाबांना हुक्की आली. सगळ्यांनी तीनच्या खेळाला जायचं ठरलं. खुशालरावही जुन्या बोलपटाचे भक्त निघाले आणि दोघं रस्ताभर जुनी गाणी म्हणत गेले. लग्न ठरल्यातच जमा होतं.

बायकांची बाकं कनातीआड होती. मी माय आणि पार्वताबाईच्या मध्ये बसले. जुन्या बोलपटातली माळीण झोक्यावर बसून सुईने मोगरा ओवायची, दहा मिनिटं गायची आणि शेवटी टोपली नदीत सोडून राणी व्हायची. ही नवी माळीण सरळ बाजारात खाली बसली. सुताचं टोक तिने उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं, दोरा ताणला आणि झपाझप गाठी मारत गाऊ लागली. मी रोज बसते तशीच! माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं तशी मी उभी राहिले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

कनातीच्या या बाजूने असा आवाज आजवर कधी निघाला नव्हता. मायने मला चिमटा काढून खाली बसवलं. पुरुषांच्या बाजूने निम्मे लोक माझ्यासारखेच ओरडले आणि निम्म्यांनी चिडून शिट्ट्या मारल्या. "देवाचे फुलं पायाले लावते!" कोणीतरी बोंबललं. पार्वताबाई मान खाली घालून बसली होती. पदराखाली तिची बोटं भरभर हलत होती. जप करत असेल, असं मी धरून चालले.

शेवटी राणी झालेली माळीण राजाला म्हणते, मला वाड्याच्या दारापाशी टोपली मांडायला जागा द्या. तिथे तर पुरुषांनी रागारागाने बाकं आपटली.

घरी चहा होईपर्यंतही कोणाला दम निघेना.

"सत्यानास केला," बाबा म्हणाले. "गानं सुरू होते न होते तं सरते. तान नाही, आलाप नाही. नुसते फिडल कोकलून राहिले."

"मले तं आवडलं," माय चुलीपासून म्हणाली. "जुन्या माळिनीची तान सरेपर्यंत मोगरा सुकून जाय."

"गानी जुनीच चांगली," गोवर्धन पहिल्यांदाच बोलला, "पन नवी माळीन खरी वाटते."

खुशालरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा टोपीकडे वळला.

"गान्याचं सोडा," ते म्हणाले. "पायाले दोरा! ते फुलं देवाच्या माथ्यावर जातात. माळ्याची इज्जत काढली त्या बोलपटवाल्यानं. जुनी कशी सुईनं ओवे, इज्जतीत. तुले कोनता आवडला व, पोरी?"

बाबा माझ्याकडे डोळ्यांनी विनवणी करत होते. 'जुना' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर पक्कं घर, संत्र्याची बाग, सगळं माझं होतं. आणि अंगठ्याचा दोरा त्याच क्षणी सुटला असता. मला संताप आला होता आणि तो गिळायची माझी तयारी नव्हती.

"नवा," मी म्हणाले. "जुन्या माळिनीनं जन्मात एक माळ बांधली नसन. अन् सकाळी तुमी महादेवाले वाहली ना, ते माळ ह्याच अंगठ्याले दोरा तानून बांधली हाये. पायाले दोरा लागते, फूल लागत नाही. महादेवानं घेतली, मंग तुमाले काहून चालत नाही?"

"शकुन!" बाबा ओरडले.

खुशालराव उठलेच. "चाला," बायकोला म्हणाले. "पाहून घेतली पोरगी."

"जा ना," मी म्हणाले. आतून शेवंतीची टोपली आणि सूत आणलं, ओसरीच्या मधोमध बसले आणि सगळ्यांदेखत दोरा अंगठ्याला अडकवला. "मले उद्याच्या माळा बांधाच्या हायेत."

पहिली गाठ सुटली. दुसरी मारणार तोच कोणीतरी माझ्या हातातून सूत घेतलं.

पार्वताबाई माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने लुगडं सारून उजवा पाय पुढे केला. अंगठ्यावर आडवा, काळपट घट्टा होता. दोरा काचून काचून पडतो, तोच. माझ्याही अंगठ्यावर आहे, पण तिचा खोल होता. तिने दोरा अडकवला, ताणला, आणि तिची बोटं चालू लागली. त्या कनातीआड पदराखाली हलत होती, अगदी तशीच.

"तीस वर्सं पाय झाकून बसली मी," ती मान वर न करता नवऱ्याला म्हणाली. "बागीतली पयली कलमं माह्या माळा इकून आली. तुमी इसरले, मी नाही इसरली. मले बी नवाच आवडला."

खुशालराव दारात उभे होते. कोणी त्यांना बस म्हणालं नाही. गोवर्धनने टोपी बाजूला ठेवली, टोपलीपाशी सरकला आणि आईच्या हातात दोन दोन फुलं देऊ लागला.

"पोरगी येईन तं दोऱ्यासकट येईन," पार्वताबाई म्हणाली. "राजापेठेत आपल्या दाराशी तिची टोपली राहीन. अन् माही बी."

मग खुशालराव ओसरीच्या कडेवर टेकले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पार्वताबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हात चालव व," ती मला म्हणाली. "तुही गाठ ढिली पडून राहिली."