परांचीवरचं कापड

इमारतीभोवती बांबू-फळ्यांची परांची बांधण्यात मुकादमाचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणती फळी माणसाचं वजन पेलेल आणि कोणती ऐन वेळी दगा देईल, हे त्याला नुसती थाप मारून कळायचं. पण त्या दिवशी कामावरच्या पत्र्याच्या खोलीत तो कापडाचे तीन तुकडे समोर ठेवून बसला होता आणि त्याचं डोकं पार भंजाळून गेलं होतं. एक तुकडा पांढरा, एक हिरवा, एक निळा. आपलं कापड आगीला दाद देत नाही, असं तिन्ही विक्रेत्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

आजवर परांचीवरच्या कापडाचा विचार करायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. धूळ अडली, विटेचा तुकडा कुणाच्या टाळक्यात पडला नाही, की कापडाचं काम झालं. ही इमारत मात्र वेगळी होती. पाच मजले, बाहेरचा सगळा गिलावा उतरवायचा, गच्चीचे गंजलेले कठडे कापून नवे जोडायचे. म्हणजे वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार, आणि माणसं आतच राहणार. ठिणगी पडून कापडानं पेट घेतला तर आतल्यांनी जायचं कुठे? "पेटणार नाही असं कापड आणा," असं सांगून मालकांनी काखा वर केल्या. "कोणतं ते तुम्हीच ठरवा मुकादम. तुमची बहीणच राहते ना तिथे?"

तीच तर पंचाईत होती. पाचव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत त्याची ताई राहायची, एकटी. गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. जिना उतरायचा तर भिंत धरून, दर मजल्यावर टेकत टेकत. आई गेली तेव्हा मुकादम जेमतेम चालायला लागला होता. त्याला न्हाऊमाखू घालून, चापट्या देऊन वाढवला तो ताईनंच. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ती त्याला ठोंब्याच म्हणायची, आणि तिच्यासमोर तो खरोखरच ठोंब्या होऊन जायचा. आग लागली तर ताई तिथेच बसून राहील, हा विचार मनात आला की तो तिन्ही तुकडे पुन्हा चाचपून बघायचा.

आधी त्यानं फोनवरून उलगडा करून घ्यायचा प्रयत्न केला. हिरव्या कापडाचा विक्रेता भलताच गोडबोल्या निघाला.

"म्हणजे हे जळत नाही?" मुकादमानं विचारलं.

"जळत नाही म्हणजे, जळतं. पण पसरत नाही."

"पसरत नाही म्हणजे?"

"ज्योत काढून घेतली की आपोआप विझतं."

"आणि ज्योत काढलीच नाही तर?"

"अहो, मग काढायची ना!"

तिघांनी शिक्के मारलेले कागदही पाठवले होते. ते उलटसुलट करून वाचल्यावर मुकादमाला एवढंच कळलं, की आपल्याला काही कळत नाही. शेवटी वेल्डरच वैतागला. "मुकादम, किती वेळ बघत बसणार? पेटवूनच बघू या."

मग प्रत्येक कापडाची एकेक पट्टी कापून तारेच्या आकड्याला टांगली आणि खालून लायटर धरला. पांढरी भसकन पेटली. ज्योत बाजूला घेतली तरी जळतच राहिली, वर तिचे पेटते थेंब टपटप खाली पडले. निळी आक्रसली, काळी पडली, नाक धरावं असा वास सुटला, पण ज्योत काढल्यावर थोडी धुगधुगून विझली. हिरवी मात्र फुंकर मारल्यासारखी झटक्यात विझली. धूरही फारसा नाही. मुकादमाचा जीव भांड्यात पडला. हिरवंच आणायचं.

राहिलेले हिरवे आणि निळे तुकडे घेऊन तो संध्याकाळी ताईकडे गेला. कित्येक महिने तिला त्या कापडाआड राहायचं होतं, तेव्हा रंग तरी तिला दाखवावा. दारातच त्याचे बूट बाहेर निघाले, पाय धुतले गेले. ताईच्या घरात शिरणारी वस्तू सहसा कोरडी सुटत नसे. ती भाजी धुवायची, भाजीची पिशवी धुवायची आणि पिशवीला बांधलेला दोराही धुवायची.

तिनं निळा तुकडा खिडकीवर धरला आणि नाक मुरडलं. "शी! या उजेडात मी आरशात बघायची सोय नाही. आजारी दिसेन. हिरवं आण, डोळ्यांना बरं वाटतं."

"तेच आणतोय."

"बरं, हे राहू देत इथे. शेजारणींना दाखवते. किती कळकट झालेत ते!"

दुसऱ्या दिवशी कापडाची परीक्षा बघायला इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे रहिवासी जमले. पुढची खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी धरली होती. उभा जन्म मुलांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे त्यांना समोर कुणी उभं राहिलं की चष्मा सारखा करायची सवय होती. ताईनं खिडकीतून दोरीनं टोपली खाली सोडली. तुकडे छान घडी करून ठेवलेले होते. मुकादमाला उगाच गहिवरून आलं.

"हे बघा," त्यानं हिरवी पट्टी चिमटीत धरून सांगितलं. "आता मी पेटवतो. ज्योत काढली की विझेल."

त्यानं ज्योत काढली. पट्टी विझली नाही. ज्योत तिच्यावरून भराभरा वर चढू लागली. आत्ता विझेल, आत्ता विझेल, म्हणून मुकादम ती धरूनच उभा राहिला, आणि बोटांना चटका बसला तेव्हा कुठे भानावर आला. पट्टी खाली पडली तरी जळतच होती. वेल्डरनं ती बुटानं चिरडली.

"मुकादम," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही आमच्या खिडक्यांवर बांधणार होता?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गडबडीनं त्यानं निळी पट्टी पेटवली. ती कालच्यासारखीच धुगधुगून विझली, पण आता विश्वास कोण ठेवणार? "आज विझली, उद्या पेटेल," मागून कुणीतरी म्हणालं. हिरव्या कापडाच्या विक्रेत्याला फोन लावला, तर तो म्हणाला, तुम्ही कापड बदललं असणार. काल आपण पाहिलं ते खरं, की आज पाहिलं ते? लायटर तोच, वेल्डर तोच, कापड तेच. हिरवं आणि निळं यांत घोळ व्हायला आपण काही आंधळे नाही. की आहोत? मुकादमाला स्वतःचीच शंका यायला लागली.

तो जिने चढून ताईकडे गेला. तिनं त्याची बोटं थंड पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "मी वरून बघत होते. ठोंब्या, जळतंय म्हटल्यावर हातातून सोडायचं असतं!"

"ताई, काल विझलं होतं गं. या डोळ्यांनी पाहिलं."

"काल मळकट होतं म्हणून विझलं असेल. मी तर गरम पाण्यात भिजवून, साबण लावून, खसाखसा घासून दिलं होतं."

मुकादमाचा हात भांड्यात तसाच राहिला. "काय केलंस?"

"धुतलं. दोन्ही तुकडे. चार लोकांत दाखवायचे, तसेच कळकट द्यायचे की काय? निळ्यातून तर काहीच निघालं नाही. पण हिरव्यातून पांढुरकं, बुळबुळीत पाणी निघालं बाई. किती तो मळ!"

"ताई," तो हळूच म्हणाला, "तो मळ नव्हता."

आग विझवणारं जे काही होतं, ते हिरव्या कापडावर नुसतं वरवर फासलेलं होतं. ते ताईच्या मोरीतून वाहून गेलं होतं. आणि ताईनं जे एका रात्रीत केलं, तेच पाऊस महिनाभरात सावकाश करणार होता, कुणालाही न कळता. कापड हिरवंगार दिसत राहिलं असतं, आणि त्यामागे ताई बसलेली असती.

त्यानं गोडबोल्याला पुन्हा फोन लावला.

"धुतलंत?" तो किंचाळलाच. "अहो, परांचीचं कापड कुणी धुतं का?"

"पाऊस धुतो."

"पावसाचं... विचारून सांगतो," तो म्हणाला. त्यानं परत काही फोन केला नाही.

निळ्या कापडाचा विक्रेता म्हणाला, आमच्याकडे औषध सुतातच मिसळलेलं असतं, धुऊन जात नाही. पण मुकादमानं आता कुणाच्याही बोलण्यावर विसंबायचं नाही, असा कानाला खडा लावला होता. त्यानं निळ्याचा नवा तुकडा मागवला आणि ताईच्या हवाली केला. "धू." तिनं धुतला, उन्हात वाळवला. त्यानं त्याची पट्टी पेटवली, विझली. "पुन्हा धू." असं किती दिवस चाललं कोण जाणे. तुकडा विटला, मऊ पडला, पण दर वेळी विझला. मास्तरीणबाईंनीही एक पट्टी स्वतःच्या हातानं पेटवून पाहिली आणि मान डोलावली.

"निळंच येणार गं," तो ताईला म्हणाला.

"मला न विचारता?"

"तूच तर निवडलंस."

कापड चढलं आणि ताईच्या खोल्या निळ्या झाल्या. भांडी निळी, भिंत निळी, ताईचा चेहरा निळा. रस्ता दिसेना, कोपऱ्यावरची बेकरी दिसेना. ती खिडकीशी खुर्ची टाकून कापडाकडेच बघत बसायची आणि मुकादम आला की तोंड फिरवायची. त्याचंही मन थाऱ्यावर नव्हतं. पावसाचं कळलं, उन्हाचं काय? वाऱ्याचं काय? आणखी काय काय आहे, जे आपल्याला सुचलेलंच नाही? मोठी सर येऊन गेली की तो परांचीवर चढून कापडाच्या काठाची पट्टी कापायचा आणि खाली येऊन पेटवायचा. वेल्डर म्हणायचा, "मुकादम, असंच चाललं तर इमारत पुरी व्हायच्या आत कापड संपेल."

एका दुपारी, आठवडाभर पाऊस कोसळून उघडला होता तेव्हा, गच्चीवर कठडा कापायचं काम चाललं होतं. ठिणग्या झेलायला अंथरलेली जाड चादर वाऱ्यानं सरकली. "खाली पडल्या!" वेल्डर ओरडला. मुकादम तळाशी उभा होता. त्यानं वर पाहिलं. कोपऱ्यावरच्या खिडकीपाशी, कापडाला चिकटून, काळा धूर.

जिना त्याला आठवतच नाही. एवढंच आठवतं, की आपण 'ताई, ताई' म्हणत होतो. दार ढकलून तो आत घुसला.

"बूट!" ताई ओरडली.

ती खुर्चीवरच बसली होती. खोलीत तो ओळखीचा घाण वास भरला होता. खिडकीबाहेरच्या कापडाला कपाच्या तोंडाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, गोळा झालेल्या. आग नव्हती. आपोआप विझली होती.

मुकादम मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. ताई गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. तिला एवढंच दिसलं होतं, की कापडावर काहीतरी लाल पडलं, धूर आला आणि संपलं.

"झालं काय तुला? लागलं का कुठे?"

त्यानं मान हलवली. डोळे पुसत तो म्हणाला, "संध्याकाळी ठिगळ लावून देतो."

"संध्याकाळी ना? मग तोवर गप बस." ताईनं खुर्ची पुढे ओढली आणि भोकाला डोळा लावला. "बेकरी दिसते रे. नवी पाटी लावलीय की काय त्यांनी... नाही, रंग दिलाय." मग तिनं हात मागे करून त्याचं डोकं चाचपलं आणि हात तिथेच ठेवला. "ये, तूही बघ."

तो गुडघ्यांवर उठून तिच्याशेजारी सरकला. दारापासून खिडकीपर्यंत त्याच्या चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले होते. ताईला ते दिसत होते, पण ती पुसायला उठली नाही.