त्रेसष्ट नग, धारेसकट

आनंदराज गायकवाडच्या खिशात बदलीचा हुकूम होता, आणि तरी गडी लातुरातच बसून होता. हुकूम खोटा नव्हता. शिक्का होता, सही होती, आणि 'कंधार' असं ठसठशीत छापलेलं होतं. या एका कागदासाठी त्यानं अकरा वर्षं घातली होती. देव तो मानत नव्हता, पण बाकी सगळ्यांच्या पाया पडून झाला होता. मग माणूस हलत का नव्हता? कारण ऐकाल तर हसाल. त्याला त्रेसष्ट गंजक्या हत्यारांनी धरून ठेवलं होतं.

आनंदराज एका सरकारी तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचा. चार वर्षांपूर्वी तो वर्ग बंद पडला. लातुरात पोरं डॉक्टर व्हायला येतात, रंधा मारायला कोण झक मारायला येणार? तेव्हापासून तो शाळेची लायब्ररी बघायचा, आणि सात नंबरच्या खोलीची किल्ली त्याच्या नावावर होती. त्या खोलीत जुने रंधे, पटाश्या, करवती, वाकस, गिरमिटं पडून होती. एकूण नग त्रेसष्ट.

"चार्ज दिल्याबगर सुटता येत न्हाई सर," हेडक्लार्क मडिवाळप्पा म्हणाला. हा उदगीरकडचा माणूस. बोलायला गोड, पण नियमाला पक्का.

"देतो की. कुणाला देऊ?"

"सुतारकामाच्या मास्तरला."

"ते तर मीच हाय."

"हाव. तीच तर गंमत हाय."

म्हणजे आनंदराजनं आनंदराजला चार्ज द्यायचा आणि आनंदराजला मोकळं करायचं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि तीस तारखेच्या आत सुटला नाही तर हुकूम रद्द. पुन्हा अकरा वर्षं काढायला कोण बसलंय?

एकच वाट होती. समिती येणार, हत्यारं बघणार, 'दुरुस्तीपलीकडची' असा शेरा मारणार. मग हत्यारं भंगारात, खोली रिकामी, आणि आनंदराज कंधारच्या गाडीत. समितीची तारीख ठरली अठ्ठावीस, शुक्रवार.

"समिती दारातूनच बघती," मडिवाळप्पानं समजावलं. "गंज दिसला की सही. तुमी फकस्त हात लावू नका, सर. पडल्यात तशी पडू द्या."

आनंदराजनं मान डोलावली. हात न लावणं, यात अवघड ते काय?

कंधारला त्याची आई होती, कोंडाबाई, वय शहात्तर. बायको ज्योत्स्ना अंगणवाडीत कामाला. आनंदराज शनिवारी जायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. गेल्या पावसात घरच्या संडासाचं दार फुगलं. एका दुपारी म्हातारी आत गेली आणि दार असं काही बसलं की निघेना. ज्योत्स्ना अंगणवाडीत. म्हातारी दीड तास आतून दार वाजवत होती. शेवटी शेजारच्या पोरांनी पहार घालून दार काढलं. दार पुन्हा बसवलं, पण म्हातारीनं धसका घेतला तो घेतलाच. आता ती दार लावायचीच नाही. उघड्या दाराची लाज, म्हणून तिनं पाणी पिणंच कमी केलं.

"निसती गव्हाएवढी साल काढायची हाय त्याची," आनंदराज दर रविवारी दाराकडं बघून म्हणायचा. पण घरी रंधा नव्हता. त्याची सगळी कारागिरी सात नंबरच्या खोलीत, आणि तिथलं हत्यार चिठ्ठीशिवाय बाहेर काढायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम. गावातला सुतार प्लास्टिकचं दार बसवा म्हणायचा. "आता बदली होतीच हाय," आनंदराज म्हणायचा. "आलो की पयलं दार धरतो." सुताराच्या घरचं दार म्हणतात ते असं.

सगळं ठरल्यासारखं चाललं असतं. पण समितीत बाहेरचा एक जाणकार कारागीर लागतो, असा नियम निघाला. वरून नाव आलं मकसूद मिस्त्री.

ते नाव आनंदराजनं दोनदा वाचलं. मकसूद मिस्त्री म्हणजे त्याचे उस्ताद. जुनी हत्यारं पारखावी आणि जिवंत करावी ती त्यांनीच. पटाशी नखानं वाजवून पोलाद कसलं आहे ते सांगायचे. करवत एका डोळ्यापुढं धरून ती कुठं वाकली ते सांगायचे. गंज बघून म्हणायचे, "हा चामडीवरचा हाय, पुसून काढ. आन् हा हाडात गेलाय, ह्याला सोड." आनंदराजचा बाप पंढरी गावात मजुरी करायचा. गावच्या सुतारानं त्याला आयुष्यात कधी लाकूड तासायच्या वाकसाला शिवू दिलं नाही, नांगराचा फाळ द्यायचा असला तरी सुतार तो काठीनं त्याच्याकडं सरकवायचा. त्याच पंढरीचं पोरगं सतराव्या वर्षी लातुरात आलं आणि मकसूद मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी स्वतःचा रंधा त्याच्या हातात दिला. "धर," म्हणाले, "घट्ट धर, पर गळा दाबू नको त्याचा." आनंदराज त्या दिवशी दुकानामागं जाऊन रडला होता.

उस्तादांचा एक कायदा होता. बोथट हत्यार कुणाच्या हातात द्यायचं नाही. विकायचं असो, उसनं द्यायचं असो, नाहीतर भंगारात टाकायचं असो. "मयताला बी आंघोळ घालून नेतात रे," म्हणायचे. "भंगारात चाललं तर चाललं, धार घेऊन जाऊ दे."

आता हा माणूस सात नंबरच्या खोलीत येणार आणि आपल्या शिष्याच्या ताब्यातली हत्यारं बघणार. जाळी लागलेली, पालीची घाण पडलेली, दात झडलेली.

आनंदराज त्यांच्या दुकानावर गेला खरा. सांगून टाकावं, की उस्ताद, ह्या खेपेला वाईट लिहा, माझी सुटका त्यात हाय. चहा झाला. गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या. फैजान, त्यांचा मुलगा, दुबईत काय करतो ते झालं. पण 'खोटं लिहा' म्हणायला जीभ काही रेटेना. रंध्याची पहिली साल बघून ज्यांनी 'शाबास' म्हटलं, त्यांच्याकडं हे कसं मागायचं? तसाच परत आला.

निदान जाळी तरी झटकू, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खोली उघडली. जाळी झटकली. एक पटाशी हातात आली. बाभळीची मूठ काळी पडली होती. गंज चामडीवरचा का हाडातला, एवढंच बघावं म्हणून त्यानं फडक्याला चिंचेचं पाणी लावून पुसलं. खालून निळसर पोलाद निघालं, आणि कडेला बनवणाऱ्याचा ठसा. नखानं वाजवली. टण्ण!

"च्यायला," आनंदराज स्वतःशीच म्हणाला, "ही तर जित्ती हाय."

झालं. दारुड्यानं एकच घोट घ्यावा तसं झालं. एक पटाशी झाली, मग तिच्या जोडीची का मागं ठेवायची? दगड आणला, गोडं तेल आणलं. रोज दुपारी लायब्ररीला कुलूप आणि सात नंबर उघडी. रंध्यांचे तळ घासून सरळ केले, पाती काढून धार दिली. करवतीचे दात कानशीनं एकेक करून घासले, एक डावीकडं, एक उजवीकडं फाकवला. फुटक्या मुठी उतरवल्या, नव्या घातल्या. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं हो! चांगलं कळत होतं. पण मनाला सांगायचा, समिती दारातूनच बघती. वरून पुन्हा जुनी पोती टाकून ठेवू. पोत्याखाली कोण बघतंय?

सत्तावीस तारखेला त्रेसष्टावा नग झाला. त्यानं पोती पसरली, कुलूप लावलं आणि ज्योत्स्नाला फोन केला.

"उद्या सुटतो बग. परवा सामानच घेऊन येतो."

"खरंच का हो? आईला सांगू का?"

"सांग. दाराचं बी सांग."

अठ्ठावीसला अकरा वाजता समिती आली. वरच्या कार्यालयातल्या मॅडम, मडिवाळप्पा आणि काठी टेकत मकसूद मिस्त्री. मॅडमनी दारातूनच पोत्यांकडं पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "सगळं भंगारच आहे ना? आणा कागद."

मडिवाळप्पानं आनंदराजकडं बघून डोळे मिचकावले. पेनचं टोपण निघालं. एवढ्यात उस्ताद आत शिरले.

"बघतो तरी," ते म्हणाले. "बघितल्याबगर कसं लिवायचं?"

त्यांनी काठीनं पोतं बाजूला केलं, आणि तिथंच थांबले. वाकून एक रंधा उचलला. तळावरून अंगठा फिरवला, पात्याकडं बघितलं. कोपऱ्यातली सागाची पट्टी बाकाला टेकवली आणि त्या म्हाताऱ्या हातांनी रंधा एकदाच पुढं सारला. सरर्र करून साल निघाली. उस्तादांनी ती दोन बोटांत धरून खिडकीकडं नेली. सालीतून पलीकडचं निंबाचं झाड दिसत होतं.

"या अल्लाह," ते हळूच म्हणाले. मग एकेक पोतं उचललं. पटाशी घेतली, मनगटावरची लव खरडली. करवत डोळ्यापुढं धरली. म्हातारा विसाव्या वर्षात गेल्यासारखा दिसत होता. शेवटी मागं वळून त्यांनी विचारलं, "ही धार कुणी लावली?"

मडिवाळप्पानं मागून आनंदराजचा सदरा ओढला. गप बसायचं होतं, बाकी काही नाही. माहीत नाही म्हणायचं, जुनीच असेल म्हणायचं. आनंदराजला ज्योत्स्ना आठवली, उघडं दार आठवलं, पाण्याचा तांब्या दूर सारणारी आई आठवली. सगळं आठवलं, आणि तरी त्याची छाती फुगली.

"मी, उस्ताद."

"सगळ्यांना?"

"त्रेसष्टला बी."

"शाबास!" मकसूद मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मॅडम, लिवा. आसली हत्यारं आता पैसे देऊन मिळत न्हाईत. लई जपा यांना. आन् जपायला ह्याच्यावाणी माणूस मिळायचा न्हाई."

मॅडमनी तेच लिहिलं. 'उपयुक्त. सुस्थितीत. विद्यमान निदेशकाच्याच ताब्यात ठेवावीत.' खाली तिघांच्या सह्या झाल्या. मडिवाळप्पानं कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

उस्ताद जाताना खूश होते. आनंदराजच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, तेव्हा त्याचा चेहरा बघून मात्र थबकले. "काय झालं रे बेटा?"

"काय न्हाई उस्ताद," आनंदराज म्हणाला. सांगून आता कुणाचं भलं होणार होतं?

दुपारी त्यानं फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ज्योत्स्नानं सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्रेसष्ट," ती शेवटी म्हणाली. "आन् त्यातला एक बी घरच्या दारापस्तोर आला न्हाई, अहो."

शनिवारी शाळा सुटल्यावर आनंदराजनं सात नंबर उघडली. चिठ्ठी लिहिली नाही. ज्या रंध्याची साल उस्तादांनी खिडकीला धरली होती, तोच टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकला. फाटकाजवळ मडिवाळप्पा उभा होता. पिशवीतून मूठ बाहेर डोकावत होती.

"सोमवारी त्रेसष्ट भरले पायजेत, सर," तो म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

रविवारी सकाळी आनंदराजनं दार बिजागरीतून काढून ओट्यावर आडवं टाकलं. ज्योत्स्नानं एक टोक धरलं. चार हात मारले, गव्हाएवढी साल निघाली, झालं काम. अर्धा तासही लागला नाही. दार परत बसवलं. बोटानं ढकललं तरी मिटत होतं, बोटानं ओढलं तरी उघडत होतं.

कोंडाबाईनं दाराकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर दोघं दाराकडं बघत उभे होते. थोड्या वेळानं दार उघडलं, सहज. म्हातारी हसत बाहेर आली, ओट्यावर टेकली आणि सुनेला म्हणाली, "तांब्याभर पाणी आण गं, ज्योत्स्ना. लई तहान लागली."

अख्खा तांब्या तिनं रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि लेकाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाबा आलास ते. आता हितंच हाईस नव्हं?"

ज्योत्स्ना तांब्या घेऊन घरात निघून गेली. आनंदराजनं रंध्याच्या पात्यावरचा भुसा फुंकून काढला. पात्याला तेलाचं बोट फिरवलं. मग टॉवेल अंथरला आणि रंधा त्यात नीट गुंडाळू लागला. लातूरची गाडी पहाटे साडेपाचला होती.