राणी घेणारं कोणी नाही

क्योतोच्या एका आडबाजूच्या कॉलेजात आमचा भानुदास हिंदी शिकवतो. विद्यार्थी पाच. त्या पाचांनी पुढच्या वर्षीही नाव घातलं नाही, तर एप्रिलपासून हिंदी बंद आणि भानुदासची पुण्याला रवानगी. तिथे साठीच्या मास्तरला कोण उभं करतं?

म्हणून पोरांना धरून ठेवायला त्याने दर शनिवारी घरी कॅरम मांडला. बोर्ड पुण्याहून विमानाने आला. वाटेत वैमानिकानेही एक डाव मागितला म्हणतात, मी काही शपथ घेणार नाही.

पोरं आली, भजी खाल्ली, पण सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, आधी राणी घ्यायची कशी? त्यांचा स्ट्राइकर सोंगटीपर्यंत जायचा, वाकून नमस्कार करायचा आणि मागे फिरायचा. साकुराची झाडं फुलली तेव्हा मांडलेला डाव मेपल लाल झाले तरी चालूच. शेवटी जिंकला भानुदासच.

"अहो, कंटाळतील ती," कुमुदिनी, त्याची बायको, झारा आपटत म्हणाली. "एकदा हरा की."

"मुद्दाम हरू? सदाशिव पेठेत मला..."

"मग जा पेठेत, बसा जिंकत."

पुढच्या शनिवारी त्याने राणी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मिनामी नावाच्या अबोल मुलीचा स्ट्राइकर नुसता चाटून गेला. राणी पडली. पाठोपाठ कव्हरही.

भानुदासने टाळ्या वाजवल्या. त्या एकट्याच वाजल्या. मिनामी पांढरीफटक. पाचही पोरं गुडघ्यांवर बसून इतकी वाकली, की चटईवर कपाळांचे ठसे अजून आहेत.

"सेन्सेई, आमचं फार चुकलं."

"अगं, खेळ आहे हा."

"हो, सेन्सेई."

सोमवारी माफीची मिठाई आली. शनिवारी कोणी आलं नाही. जानेवारीत पाचांनीही फ्रेंच घेतलं. भानुदासने मिनामीला जिन्यात गाठलं.

"आम्ही गुरूला हरवलं," ती खाली बघत म्हणाली. "आणखी एक वर्ष समोर कसं बसायचं?"

मी मुद्दाम हरलो, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण मग तिला आणखी एक माफी मागावी लागली असती. त्याने तोंड मिटलं आणि तिला वाट दिली.

आता घरात खोकी बांधणं चाललंय. भानुदास उजव्या हाताने खेळतो, मग डाव्याने.

"आटपा, बोर्ड गुंडाळायचाय," कुमुदिनी म्हणाली.

"डाव संपू दे."

तिने चिकटपट्टी बाजूला ठेवली. मग सोंगट्यांसकट बोर्डावर चादर टाकली आणि बांधायला घेतलं.